गाळणीपासून नातवाच्या नावापर्यंत : पक्षाघातानंतर घरबसल्या वाचोपचार

पक्षाघातातून सावरलेले आजोबा रामरक्षा न अडखळता म्हणतात, एक ते शंभर आकडे मोजतात. आणि चहा गाळायची गाळणी हवी असली की मात्र ‘ती… ती गं… चहाची… ती दे’ यापुढे त्यांची गाडी सरकत नाही. घरच्यांना वाटतं, एवढं पाठ म्हणता येतं मग एक साधा शब्द का येऊ नये? मुद्दाम करतात, हट्ट करतात, नाहीतर डोक्यावर परिणाम झालाय. तिन्ही समज चुकीचे आहेत. पाठ असलेली स्तोत्रं, आकडे, वार, नमस्कार, एखादी शिवीसुद्धा सवयीच्या ओघात बाहेर पडते. ‘गाळणी’ हा शब्द मात्र अर्थावरून शोधावा लागतो, त्यातले ध्वनी जुळवावे लागतात आणि मग तो तोंडातून निघतो. हे काम बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला चालतं आणि नेमका तिथलाच रक्तपुरवठा तुटलेला असतो.

या अवस्थेला वाचाघात किंवा अफेझिया म्हणतात. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना तो होतो. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये ‘टॅन’ एवढंच बोलू शकणाऱ्या एका रुग्णाच्या मेंदूतली इजा दाखवली, तेव्हापासून वाचाघाताचे अनेक प्रकार नोंदले गेले. कुणाला बोलता येत नाही, कुणाला समजत नाही, कुणी भरभर बोलतो पण त्याचा अर्थ लागत नाही. नेमका शब्द न सापडणं ही अडचण मात्र जवळपास सगळ्या प्रकारांत आढळते.

शब्द सापडत नाही याचा अर्थ बुद्धी गेली असा होत नाही. स्वीडिश कवी टोमास ट्रान्स्ट्रोमर यांना १९९० मध्ये पक्षाघात झाला आणि त्यांचं बोलणं जवळजवळ थांबलं. त्यानंतरही त्यांचे कवितासंग्रह निघाले, डाव्या हाताने ते पियानो वाजवत राहिले आणि २०११ मध्ये त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं. अभिनेत्री एमिलिया क्लार्क हिने २०१९ मध्ये लिहिलेल्या लेखात, मेंदूतल्या रक्तस्रावानंतर काही दिवस आपल्याला स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं, असं सांगितलं आहे. तिची वाचा आठवड्याभरात परतली. सगळ्यांची इतक्या लवकर परतत नाही, आणि इथूनच वाचोपचाराचं म्हणजे स्पीच थेरपीचं काम सुरू होतं.

पडद्यावरून उपचार : किती भरवसा ठेवावा?

गडचिरोलीच्या किंवा सावंतवाडीच्या माणसाने आठवड्यातून दोनदा मोठ्या शहरात थेरपीला जावं, ही अपेक्षा करणंच अवघड. एक हात-पाय लुळा असलेल्या माणसाला घरातून बाहेर काढायचं तर आणखी दोघांची रजा पडते. म्हणून व्हिडिओ कॉलवरची थेरपी सोयीची ठरते. पण ती खरोखर उपयोगी पडते का?

लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये २० जणांवर केलेला एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना समोर बसवून शब्दशोधाची थेरपी दिली, काहींना व्हिडिओ कॉलवरून. दोन्हीकडे चित्रं ओळखून नावं सांगण्यात सुधारणा दिसली. ब्रिटनमधलाच ‘बिग कॅक्टस’ हा अभ्यास बराच मोठा होता. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, त्यात २७८ जण होते. थेरपिस्टने आखून दिलेला, प्रत्येकाच्या पसंतीच्या १०० शब्दांचा सराव एका गटाने संगणकावर घरीच सहा महिने केला. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार मिळाले. तिसऱ्याला नेहमीच्या उपचारांबरोबर सुडोकूसारखी कोडी आणि विचारपूस करणारे फोन. सराव केलेल्या शब्दांच्या चाचणीत संगणकाचा गट नेहमीच्या उपचारांपेक्षा सुमारे १६ टक्के गुणांनी पुढे गेला. कोडी सोडवणारा गट मागे राहिला. ‘डोकं चालू राहावं’ म्हणून आजोबांच्या हातात सुडोकू देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं : वेळ छान जाईल, शब्द त्यातून येणार नाहीत.

दोन्ही अभ्यासांत आणखी एक गोष्ट सारखीच आढळली. सराव केलेले शब्द सुधारले, पण रोजच्या संभाषणात म्हणावा तसा फरक पडला नाही. चित्र दाखवल्यावर ‘गाळणी’ म्हणणारा माणूस स्वयंपाकघरात पुन्हा ‘ती दे’ म्हणू शकतो. घरबसल्या थेरपीची सारी आखणी या एका मुद्द्याभोवती व्हायला हवी. कोणते शब्द निवडायचे आणि ते पडद्यावरून घरात कसे आणायचे, हे आधीच ठरवलं नाही तर महिनोन्‌महिने चित्रं ओळखण्यातच जातात.

‘सहा महिने उलटले, आता जे आहे ते आहे’ हा समजही सोडून द्यावा. जर्मनीत १९ केंद्रांवर, १५६ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. सगळ्यांच्या पक्षाघाताला सहा महिन्यांहून अधिक काळ झाला होता. आठवड्याला किमान दहा तास अशी तीन आठवडे सलग थेरपी दिल्यावर त्यांच्या दैनंदिन बोलण्यात सुधारणा झाली. ती थेरपी समोरासमोरची होती, हे खरं. पण उशिरा सुरुवात करूनही फायदा होतो, एवढं त्यातून स्पष्ट झालं.

थेरपिस्ट निवडताना

भारतात वाचोपचार देणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असायला हवी. नोंदणी क्रमांक निःसंकोच विचारावा; परिषदेच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो. पदवी बहुधा बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी असते. यातले बरेच जण प्रामुख्याने लहान मुलांच्या उच्चारांवर किंवा तोतरेपणावर काम करतात, म्हणून ‘पक्षाघातानंतरच्या वाचाघाताचे रुग्ण तुम्ही पाहता का?’ हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारावा. मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेली वाचा-श्रवण शाळा आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, पुण्यात भारती विद्यापीठ, कर्नाटकात मैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था ही या विषयातली जुनी-जाणती ठिकाणं. तिथे एकदा प्रत्यक्ष तपासणी करून घेऊन पुढची सत्रं व्हिडिओवर घेता येतील का, याची चौकशी करावी.

पहिली तपासणी शक्यतो समोरासमोर व्हावी. शब्द अडतो तो अर्थाच्या पायरीवर की ध्वनीच्या, की तोंडाच्या स्नायूंना हालचाल जुळवता येत नाही, हे तेव्हा नीट कळतं. जीभ जड होऊन उच्चार अस्पष्ट होणं ही वेगळी तक्रार आणि तिची थेरपीही वेगळी. जाणं अजिबात शक्य नसेल तर रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद, सीटी किंवा एमआरआयचा अहवाल आणि चालू औषधांची यादी आधी पाठवावी. घरात सहज बोलतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओही द्यावा, तो पुढे तुलनेलाही कामी येतो. ऐकू कमी येत असेल तर कानाची तपासणी आधी उरकावी. नाहीतर न ऐकलेला प्रश्न ‘न समजलेला’ म्हणून नोंदला जातो.

घास गिळताना ठसका लागत असेल तर ती तपासणी मात्र व्हिडिओवर सोडू नये. जवळच्या रुग्णालयात जावं.

खोली, पडदा, वेळ

मोबाइलपेक्षा टॅब किंवा लॅपटॉप बरा. चित्र मोठं दिसतं आणि थेरपिस्टचे ओठही दिसतात. ओठांची हालचाल हीसुद्धा एक मदतच असते. मोबाइलच असेल तर तो हातात न धरता स्टँडवर ठेवावा. उजेड रुग्णाच्या चेहऱ्यावर पडावा, पाठीमागे खिडकी नको. पंख्याची घरघर, कुकरच्या शिट्ट्या, शेजारच्या खोलीतली मालिका या सगळ्यांचा त्रास होतो, कारण वाचाघात झालेल्या माणसाला गोंगाटातून एक आवाज वेगळा काढणं फार जड जातं.

डाव्या मेंदूला इजा झाली की काहींना उजव्या बाजूचं दिसत नाही. अशा वेळी चित्रं पडद्याच्या डाव्या भागात दाखवायला थेरपिस्टला सांगावं. उजवा हात लुळा असेल तर माउस डावीकडे ठेवावा. चष्मा, कानाचं यंत्र, पाण्याचा पेला हाताशी असावा. नेटवर्क दगा देणारच, म्हणून ‘कॉल तुटला तर पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर’ असं काहीतरी आधीच ठरवून ठेवावं. सत्र सकाळी, झोप झालेली असताना आणि पाऊण तासापेक्षा लांब नको. पक्षाघातानंतरचा थकवा डोळ्यांना दिसत नसला तरी खरा असतो. फिजिओथेरपी उरकल्यावर लगेच बसवलं तर येणारे शब्दही येत नाहीत.

यादी कुणाची?

बहुतेक नावाजलेली ॲप इंग्रजीत आहेत आणि त्यांतली चित्रंही तिकडची. टोस्टर आणि बेसबॉलची बॅट ओळखून कोल्हापूरच्या निवृत्त तलाठ्याला काही साधायचं नाही. त्यापेक्षा घरातल्या वस्तूंचे फोटो काढावेत, घरचीच गाळणी, घरचाच पोळपाट. सुरुवातीला वीस-तीस शब्द पुरे. बायको-मुलं, नातवंडं, शेजारी, दुखणाऱ्या अवयवांची नावं, आवडते पदार्थ, रोजच्या गोळ्या, गावाचं, एसटी स्टँडचं, देवळाचं नाव, आणि माणसाच्या व्यवसायातले, छंदातले शब्द. सुताराला ‘रंधा’ हवा, भजनी मंडळातल्या माणसाला ‘पखवाज’. माणसांची नावं सगळ्यांत अवघड जातात, म्हणून ती थोडी थोडी घ्यावीत. क्रियापदं हमखास विसरली जातात. ‘चिरणं’ घेतलं की कोण चिरतं, काय चिरतं, कशाने चिरतं असं विचारत गेलं म्हणजे एका शब्दाभोवती आख्खं वाक्य उभं राहतं.

थेरपिस्ट पुण्या-मुंबईचा आणि रुग्ण नागपूरकडचा असेल तर यादी दोघांनी मिळून वाचावी. कोथिंबिरीच्या चित्राला ‘सांबार’, पेरूला ‘जाम’, बटाट्याला ‘आलू’ म्हणणारा विदर्भातला माणूस चुकलेला नसतो, तो बरोबर बोललेला असतो. मालवणी, अहिराणी, कोंकणी बोलणाऱ्यांचंही तसंच. एकाहून जास्त भाषा येणाऱ्यांबद्दल फ्रेंच वैद्य आल्बेर पित्र यांनी १८९५ मध्येच नोंदवलं होतं की आजारापूर्वी जी भाषा सर्वाधिक वापरात असते ती बहुधा आधी परतते. याला अपवाद आहेत. तरी सुरुवात घरच्या भाषेतून करावी. मध्येच ‘टॉवेल’, ‘सॅटर्डे’ असा इंग्रजी किंवा हिंदी शब्द आला तर त्यालाही पूर्ण गुण द्यावेत. काम भागणं महत्त्वाचं.

शब्द अडला की काय करायचं

घरच्यांचा हात इथे सर्वांत जास्त आखडता हवा. माणूस ‘लिं…’ म्हणायच्या आत तिघांनी ‘लिंबू!’ म्हणून ओरडायचं, असं घरोघरी होतं. सत्रात मदतनीस एकच असावा आणि तोही कॅमेऱ्याच्या जरा बाहेर. मदत पायरीपायरीने द्यावी :

१. आधी थांबावं. मनात सावकाश दहा आकडे मोजावेत.
२. अर्थाची खूण द्यावी : ‘आंबट असतं, पिवळं असतं, सरबत करतो.’
३. वाक्य अर्धं सोडावं : ‘पोह्यांवर पिळायला…’
४. पहिलं अक्षर उच्चारावं किंवा पाटीवर लिहून दाखवावं : ‘लिं…’
५. दोन पर्याय द्यावेत : ‘लिंबू की आवळा?’
६. तरीही आला नाही तर सरळ सांगावा, तीनदा म्हणवून घ्यावा आणि एका वाक्यात वापरायला लावावा.

कुणाला अर्थाची खूण लागू पडते, कुणाला अक्षराची. कुठल्या पायरीवर शब्द सुटला हे वहीत लिहून ठेवलं की दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट होतं. सारखं चुकून वैतागणाऱ्या माणसासाठी क्रम उलटा करतात. आधी पूर्ण शब्द ऐकवायचा आणि मग एकेक मदत काढून घ्यायची.

मराठीत आणखी एक धागा हाती लागू शकतो. शब्द आठवत नसताना आजोबा ‘ती दे’ म्हणतात, ‘तो दे’ म्हणत नाहीत. एका इटालियन रुग्णाला वस्तूचं नाव येत नसूनही त्या नामाचं लिंग अचूक सांगता येत होतं, अशी नोंद १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. म्हणून ‘तो, ती की ते?’ हा प्रश्न थेरपिस्टला विचारून वापरून पाहायला हरकत नाही.

शब्दाभोवती अर्थाचं जाळं विणायची एक पद्धत जगभर वापरली जाते. कागदाच्या मधोमध वस्तूचं चित्र आणि भोवती सहा प्रश्न. समजा अडकित्ता आहे. कोणत्या गटातला? कापायच्या साधनांतला. कशासाठी? सुपारी कातरायला. कसा दिसतो? दोन दांड्यांचा, धातूचा. कुठे असतो? पानाच्या डब्यात. काय करतो? कातरतो. कशाची आठवण होते? कुणाला आजीची, कुणाला लग्नातल्या विड्यांची. उत्तरं देता देता शब्द बऱ्याचदा आपोआप येतो. नाही आला तरी ‘सुपारी कातरायचं ते’ एवढं सांगता आलं की समोरच्याला कळतं. वळसा घालून सांगणं हेसुद्धा शिकवण्याजोगं कौशल्यच आहे.

रोज थोडा, पण रोज

बिग कॅक्टसमधल्या लोकांना रोज २० ते ३० मिनिटं सराव करायला सांगितलं होतं. सहा महिन्यांत प्रत्यक्ष सराव सरासरी २८ तास झाला, म्हणजे सांगितल्यापेक्षा बराच कमी. तरी फायदा दिसला. आठवड्यातून दोन व्हिडिओ सत्रं आणि एरवी रोज वीस मिनिटं घरचा सराव, हे कुठल्याही कुटुंबाला झेपेल असं वेळापत्रक आहे. सत्राच्या दिवशी घेतलेले शब्द दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग आठवड्याने विचारावेत. मूड बघावा. पक्षाघातानंतर नैराश्य पुष्कळांना येतं आणि ‘सराव नको’ या हट्टामागे तेच असू शकतं. डॉक्टरांच्या कानावर घालावं.

आता मूळ मुद्दा. आठवड्यात पाच शब्द पक्के झाले की ते पाचही त्याच आठवड्यात खऱ्या कामाला लावावेत. ‘लिंबू’ आला की वाण्याला फोन आजोबांनी करावा, मुलाने बाजूला बसावं. नातवाचं नाव आलं की रविवारच्या व्हिडिओ कॉलवर पहिली हाक त्यांचीच. जमेल तसा व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवावा; तो पुसून पुन्हा बोलता येतो, समोर कुणी ताटकळत नसतं. थेरपिस्टलाही सांगावं की सत्रातली शेवटची दहा मिनिटं चित्रं बाजूला ठेवून गप्पांसाठी ठेवा. घरच्यांनी बोलताना एका वेळी एकच बोलावं, विषय बदलला की तसं सांगावं, कागद-पेन जवळ ठेवावं आणि हातवारे, खुणा, चित्र काढणं यांना मना करू नये. त्यामुळे बोलणं मागे पडेल ही भीती अनाठायी आहे.

परदेशी राहणाऱ्यांसाठी

मुलाकडे न्यू जर्सीला गेलेल्या आईला तिथली थेरपी इंग्रजीत मिळते आणि तिचं सगळं आयुष्य मराठीत गेलेलं असतं. अशा वेळी भारतातला मराठी थेरपिस्ट उपयोगी पडतो. तिथले रात्रीचे साडेआठ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचे सात. मात्र अमेरिकेत थेरपिस्टला सहसा रुग्ण ज्या राज्यात असेल तिथला परवाना लागतो, आणि विमा अशा सत्रांचा खर्च देईलच असं नाही. स्थानिक नियम आधी विचारून घ्यावेत. तिथल्या थेरपिस्टने आखणी करायची आणि मराठी यादी व सराव घरच्यांनी सांभाळायचा, असाही मार्ग निघू शकतो.

सावधगिरी आणि हक्क

बोलणं एकाएकी बिघडलं, तोंड वाकडं झालं, हातातला जोर गेला तर सत्राची वाट पाहू नये, थेरपिस्टला व्हिडिओही पाठवू नये. १०८ ला फोन करून तातडीने रुग्णालय गाठावं. दुसरा पक्षाघात असू शकतो आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. पक्षाघात झालेलाच नसताना महिनोन्‌महिने शब्द हळूहळू हरवत चालले असतील तर ते वेगळं दुखणं असतं. त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये नोंदलेल्या २१ प्रकारांत वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे आणि त्याच्या व्याख्येत वाचाघाताचा स्पष्ट उल्लेख आहे. अडचण कायमची राहिल्याचं तपासणीत ठरलं तर ‘स्वावलंबन’ पोर्टलवरून दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करता येतो. थेरपीच्या नोंदी, जुने अहवाल जपून ठेवले असतील तर तपासणीच्या दिवशी धावपळ होत नाही.

तीन महिन्यांनी हिशोब

बारा आठवडे झाले की थेरपिस्टसोबत बसून तीन आकडे मांडावेत : सराव केलेल्या शब्दांपैकी किती मदतीशिवाय येतात, सराव न केलेल्यांपैकी किती येतात, आणि गेल्या आठवड्यात घरात किंवा फोनवर त्यांतले किती खरोखर वापरले गेले. पहिला आकडा वाढला आणि तिसरा जागचा हलला नाही तर नवीन चित्रं आणू नयेत. सत्राचा वेळ संभाषणाकडे वळवावा, दोन-तीन रुग्णांचा गट-कॉल सुरू करता येतो का ते पाहावं. पहिलाच आकडा हलला नसेल तर पद्धत बदलावी किंवा एकदा प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी. तिन्ही वाढले असतील तर पुढच्या तीन महिन्यांसाठी नवी यादी करावी आणि तिच्यातले निदान निम्मे शब्द रुग्णाने स्वतः, बोट दाखवून का होईना, निवडावेत.